बाई रजेवर असताना

परिपाठ आटोपतो, रांगा मोडतात, व्हरांड्यातला चपलांचा आवाज वर्गात शिरतो आणि चौथीच्या दारात नेहमीच्या बाईंच्या जागी दुसऱ्याच कुणी बाई उभ्या दिसतात. गलबला एकदम खाली येतो. पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, “आमच्या बाई कधी येणार?”

बदली शिक्षकाच्या कानावर पडणारे हे बहुधा पहिले वाक्य. त्यात अपमान नसतो. मुलाला फक्त हिशेब हवा असतो. या बाई किती दिवसांच्या, यांच्यावर किती जीव लावायचा, यांनी दिलेला गृहपाठ पुढे कोण तपासणार? धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शतकानुशतके ज्या प्रश्नाभोवती फिरत आले, तोच प्रश्न चौथीतले मूल आपल्या शब्दांत विचारते. एकाचे काम दुसऱ्याने केले तर ते पुरे होते का? आणि पुरे झाले, तर फळ कुणाचे?

सिल्वासात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. दमणगंगेच्या काठच्या या गावाभोवती वारली, कोकणा, धोडिया, काथोडी अशा जमातींचे पाडे आहेत, तर गावात कारखान्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे. शाळा गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या. घरी वारली बोलणारे मूल वर्गात मराठी वाचते, बाजारात गुजराती ऐकते, आणि कारखान्यात जाणारा मोठा भाऊ संध्याकाळी हिंदी बोलत घरी येतो. अशा मुलाने “समजलं” म्हटले तर खरेच समजले की बाईंना बरे वाटावे म्हणून मान हलवली, हे ओळखायला नेहमीच्या बाईंना कित्येक महिने लागलेले असतात. बदली बाईंना ते महिने कुणी देत नाही. दादरा-नगर हवेलीत साक्षरतेचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत ५७.६३ टक्के होते, २०११ मध्ये ते ७६.२४ टक्क्यांवर गेले. ही चढण तासागणिक चढली गेली आहे. त्यातला रिकामा गेलेला तास म्हणजे पाय घसरलेली एक पायरी.

बाई वर्गात नसण्याची कारणे साधी आणि रास्त असतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, आणि ते योग्यच झाले. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांना जुंपायला मनाई केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका एवढी दारे उघडी ठेवली. कुणी आजारी पडते, कुणाचे प्रशिक्षण लागते. अशा दिवशी शिक्षकखोलीत बदली तासांची वही निघते आणि ज्यांचा तास मोकळा आहे त्यांच्या नावापुढे वर्ग लिहिला जातो. रजा लांबली तर काही महिन्यांसाठी कुणाला तरी मानधनावर बोलावले जाते. ज्या शाळेत शिक्षकच एक आहे तिथे हीही सोय नाही. युनेस्कोने २०२१ मध्ये भारतातल्या शिक्षकांविषयी जो अहवाल काढला, त्यात देशात सुमारे १.१ लाख एकशिक्षकी शाळा असल्याचे नोंदवले होते. तिथे बाई रजेवर गेल्या की शाळाच रजेवर जाते.

आता शास्त्राकडे वळू. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचे बारा अध्याय आहेत. त्यातला सहावा अधिकाराचा, म्हणजे कर्म करायचा हक्क कुणाला आणि त्याचे फळ कुणाला, याचा विचार करणारा. त्याच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा प्रश्न येतो. यज्ञाला साळीचा भात सांगितला आहे आणि ऐन वेळी तो नासला, तर काय करावे? यज्ञ सोडून उठावे का? मीमांसक म्हणतात, नाही. भाताशी सर्वांत मिळतेजुळते असेल ते घ्यावे, म्हणजे नीवार. नीवार म्हणजे आपला देवभात, कुणी न पेरता पाणथळीत उगवणारा, ऋषिपंचमीच्या सुमारास घराघरांत ज्याची आठवण निघते तो. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका घ्यावी, असेही सांगितले आहे.

मराठी घरात हे शास्त्र न वाचताही पाळले जाते. गणपतीची मूर्ती नसेल तर विड्याच्या पानावर सुपारी मांडतात आणि तिलाच गणपती म्हणून हात जोडतात. देवाला वस्त्र म्हणून कापसाची माळ वाहतात. दागिना नसला की गुरुजी सांगतात, “अक्षता वाहा.” श्राद्धाला ब्राह्मण मिळाला नाही तर दर्भाचा चट मांडतात. यात फसवणूक आहे असे कुणाला वाटत नाही. ज्याने सुपारी मांडली त्याला ती सुपारी आहे हे ठाऊक असते, आणि पूजाही मनापासून झालेली असते.

पण मीमांसकांनी प्रतिनिधीला सरसकट मोकळीक दिली नाही. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, पण देवता, अग्नी, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना चालत नाही. एका देवतेसाठी काढलेला हवी दुसरीला देता येत नाही, एका मंत्राच्या जागी दुसरा म्हणता येत नाही. आणि यजमानाला, म्हणजे ज्याने संकल्प सोडला आणि ज्याला फळ मिळायचे त्याला, प्रतिनिधी नाही. अपवाद एकच, सत्राचा. सत्रात १७ ते २४ यजमान एकत्र बसतात. त्यातला एखादा मध्येच दगावला तर संख्या भरून काढायला दुसरा आणता येतो. तो सगळे नियम पाळतो, सगळे कर्म करतो, पण फळाचा धनी होत नाही.

त्याच पादात आणखी एक भेद आहे, आणि शाळेच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. कर्म दोन प्रकारचे. नित्य कर्म, जसे सकाळ-संध्याकाळचे अग्निहोत्र, आणि काम्य कर्म, म्हणजे पाऊस, पुत्र, संपत्ती अशा ठरावीक इच्छेने केलेले. काम्य कर्म सर्व अंगांसह जमत असेल तरच हाती घ्यावे, कारण त्यात कसर राहिली तर फळ हातचे जाते. नित्य कर्माला ती अट नाही. सगळे साहित्य नसले, एखादे अंग जमले नाही, तरी ते जमेल तसे करायचे, पण चुकवायचे नाही. प्रतिनिधीची खरी गरज आणि खरी प्रतिष्ठा इथेच आहे. जे टाळता येत नाही त्याच्यासाठीच बदली माणूस शोधावा लागतो.

मग शाळेचा तास नित्य की काम्य?

कोणतीही शाळा याचे उत्तर तोंडाने देत नाही. बाई रजेवर गेल्या की ते आपोआप कळते. बदली बाईंना “जरा मुलांना शांत बसवा” एवढेच सांगितले जाते तेव्हा त्या शाळेने तासाला काम्य कर्म मानलेले असते. हेतू गुणांचा, साधन म्हणजे नेहमीच्या बाई. साधन नाही तर कर्म थांबले. पोर्शन बाई आल्यावर पुरा करतील, तोवर मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहावीत. याउलट एखाद्या शाळेत मुख्याध्यापक बदली बाईंच्या हातात टाचण वही देतात आणि म्हणतात, “बाई इथपर्यंत आल्या आहेत, पुढचं तुम्ही घ्या.” तिथे तास नित्य आहे. बाईंना जमेल तितकेच होईल, कदाचित कमी चांगले होईल, पण होईल.

अशा एका बदली बाईंचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची शाळा, जुलैचा पाऊस, दाराशी उलट्या उभ्या केलेल्या छत्र्या. बाईंच्या हातात दुसऱ्या कुणाच्या अक्षरातली टाचण वही. शेवटची नोंद: ‘अपूर्णांक. पाव, अर्धा, पाऊण. सराव बाकी.’ मुलांच्या वह्यांत लाल शाईच्या खुणा आहेत, पण त्या खुणांचा अर्थ वहीच्या मालकाला आणि रजेवरच्या बाईंनाच ठाऊक. एका वहीत प्रत्येक पानाखाली छोटे वर्तुळ आहे. बाई विचारतात तेव्हा मूल सांगते, “बरोबर आलं की बाई गोल काढतात. बरोबर-चूक लिहीत नाहीत.”

बाई पुस्तकातला केक काढून त्याचे चार भाग करतात. वर्ग गप्प. केक वाढदिवसाला येतो आणि मोठी माणसे तो कापतात; मुलाच्या हाताला त्याची सवय नाही. मग बाई फळ्यावर नागलीची भाकरी काढतात, टम्म फुगलेली, कडेला जरा करपलेली. “घरी चौघांना एकच आहे. कशी वाटाल?” मागच्या बाकावरचा मुलगा हातानेच मोडून दाखवतो. आधी मधोमध, मग पुन्हा. “चतकोर.” पाव म्हणजे चतकोर हे नेहमीच्या बाईंच्या टाचणात नाही. बाई ते वहीत लिहून ठेवतात, आणि मुलाच्या पानाखाली लाल शाईने एक गोल काढतात.

मीमांसकांनी नीवारासाठी सादृश्याचा जो नियम सांगितला तो या गोलात दिसतो. बदली बाईंनी स्वतःची पद्धत मिरवली नाही. जिच्या जागी त्या आल्या तिची खूण त्यांनी उचलली, कारण मुलाचा विश्वास त्या खुणेत साठलेला होता. मीमांसक याच्याही पुढे जातात. प्रतिनिधी म्हणून घेतलेले द्रव्यही नासले, तर त्याच्या जागी पुढचे द्रव्य कशासारखे शोधावे? हाताशी असलेल्या प्रतिनिधीसारखे नव्हे, मुळासारखे. नीवार संपला तर नीवारासारखे काही शोधू नये, साळीसारखेच शोधावे. ज्या वर्गावर एका वर्षात तीन बदली शिक्षक येऊन गेले, तिथे हा नियम मोडला की काय होते ते पाहावे. पहिला बदली शिक्षक वर्ग शांत ठेवण्यापुरता शिकवतो, दुसरा त्याला पाहून तेवढेच करतो, तिसऱ्याला तर शिकवायचे असते हेच कुणी सांगत नाही. मूळ कुठल्या कुठे राहते. तिसऱ्यानेही टाचण वहीतल्या पहिल्या बाईंच्या पानापर्यंत मागे जायला हवे.

पण साळ कोण आणि यजमान कोण, हेही ठरवावे लागते. सातव्या शतकाच्या सुमारास याच मुद्द्यावर मीमांसेच्या दोन मोठ्या परंपरा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. वेदाध्ययनाची आज्ञा नेमकी कुणाला आहे? प्रभाकराच्या मते आचार्याने शिकवावे ही आज्ञा मूळ; शिष्याचे शिकणे तिच्या ओघाने येते. कुमारिल भट्टाच्या मते आज्ञा शिकणाऱ्यालाच आहे, त्यानेच अध्ययन करायचे. प्रभाकराचा पक्ष घेतला तर वर्ग बाईंचा ठरतो, आणि बदली बाई कायम दुसऱ्याच्या घरातल्या पाहुण्या. कुमारिलाचा घेतला तर वर्ग मुलाचा ठरतो. मुलाच्या जागी दुसरे कुणी अपूर्णांक शिकू शकत नाही. यजमानाला प्रतिनिधी नाही. आणि शिकवणारे सगळेच, कायम असोत की चार महिन्यांचे, ऋत्विज ठरतात, म्हणजे दुसऱ्याचे कर्म तडीस नेणारे. दोघींचे काम एकाच जातीचे, फक्त मुदत वेगळी. चौथीच्या वर्गाचा अनुभव कुमारिलाच्या बाजूने साक्ष देतो. भाकरी मोडून दाखवली ती मुलाने.

श्रेय कुणाचे, या प्रश्नाला मराठी भक्तिपरंपरेने स्वतःचे उत्तर दिले आहे, आणि ते ग्रंथांपेक्षा घराघरांत अधिक ऐकले गेले. महिपतीने १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त सेना न्हाव्याची कथा आहे. सेना पूजेला बसला आहे, बादशहाचे बोलावणे येते, तो उठत नाही. बादशहाचा राग जिवावर बेतणार, तेव्हा देव स्वतः सेनाचे रूप घेतो, काखेत धोकटी मारतो आणि वाड्यावर जाऊन हजामत करतो. तेलाच्या वाटीत बादशहाला चतुर्भुज रूप दिसते. तो खूश होऊन मोहरा देतो. देव त्या धोकटीत टाकतो आणि धोकटी सेनाच्या घरी ठेवून निघून जातो. खरा सेना नंतर धोकटी उघडतो तेव्हा त्याला कळते की आपल्या जागी कोण जाऊन आले.

या कथेत देव चमत्कार करायला येत नाही, बदलीवर येतो. बादशहाला उपदेश करत नाही, सेनापेक्षा आपण थोर हेही दाखवत नाही. रोजचे काम रोजच्यासारखे होते, आणि मोबदला ज्याचे काम त्याच्या धोकटीत जातो. पंढरीचा देव जनाबाईच्या जात्याला हात लावतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, ती सगळी याच घराण्यातली रूपे. मराठी माणसाने देवाची कल्पना राजा म्हणून केली तशीच बदली कामगार म्हणूनही केली, आणि दुसऱ्या रूपावर अधिक माया केली.

दुसऱ्याच्या जागी उभे राहणे या भूमीच्या इतिहासातही आहे. पोर्तुगीजांचे सांताना नावाचे जहाज मराठ्यांनी पकडले, त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने पेशव्यांनी १२ हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली, आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. जहाजाच्या बदल्यात गावे. गावांत राहणाऱ्यांना त्या व्यवहारात कुणी विचारले नव्हते. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या चर्चचा पाद्री ‘विगार’. या शब्दाचे मूळ असलेल्या लॅटिन ‘विकारियुस’चा अर्थच मुळी दुसऱ्याच्या जागी काम करणारा. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वयंसेवकांनी सिल्वासा मुक्त केले. त्यानंतर सात वर्षे हा प्रदेश पोर्तुगालचा राहिला नव्हता आणि रीतसर भारतातही आला नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेल्या खटल्याचा निकाल १९६० मध्ये लागला. पुढच्या वर्षी विलीनीकरणाच्या करारावर सही करायची वेळ आली, तेव्हा जवाहरलाल नेहरूंच्या बरोबरीने सही करू शकेल असा शासनप्रमुख हवा होता. आयएएस अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी पंतप्रधान करण्यात आले. त्यांनी सही केली, आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा-नगर हवेली भारताचा भाग झाली.

एका दिवसाचे ते पद पोकळ होते असे म्हणता येईल का? त्या दिवसाची सही कायमची आहे. पद टिकले नाही, कर्म टिकले. बदलीवर आलेल्या माणसाच्या हातून झालेले काम कच्चे ठरत नाही, हे सिल्वासाच्या आजच्या प्रत्येक सरकारी कागदाने मान्य केलेले आहे.

१९५४ च्या त्या मुक्तिसंग्रामात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, गदिमांच्या ५६ गीतांचे. त्यात भरताची कथा आहे. बदलीवर आलेल्या माणसाचा यापेक्षा मोठा आदर्श आपल्याकडे नाही. चौदा वर्षे भरताने कारभार केला. करांचा, न्यायाचा, सैन्याचा भार उचलला. सिंहासनावर मात्र पादुका ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहिला. मराठीत ‘जागा घेणे’ आणि ‘जागी उभे राहणे’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. भरताने जागा घेतली नाही, तो जागी उभा राहिला. फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास याच फरकापाशी आयुष्यभर विचार करत राहिला. १९७४ च्या आपल्या मुख्य ग्रंथात त्याने माणसाच्या जबाबदारीचे टोक सांगायला ‘प्रतिस्थापन’ हाच शब्द निवडला. दुसऱ्याचा भार स्वतःवर घेणे, पण दुसऱ्याला बाजूला न सारता. हा तत्त्वज्ञ विद्यापीठात जाण्याआधी पॅरिसमध्ये शिक्षक घडवणारी शाळा अनेक वर्षे चालवत होता, ही गोष्ट इथे सहज आठवावी अशी आहे.

शाळेच्या इतिहासात अशी उदाहरणे जवळ सापडतात. सावित्रीबाई फुले १८५६ मध्ये आजारी पडून नायगावला माहेरी गेल्या होत्या. १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्या पत्रात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी जे थोडे लिखित उरले आहे, त्यातला हा महत्त्वाचा कागद. एका बाई रजेवर होत्या आणि दुसऱ्या बाई दोघींचे काम ओढत होत्या, एवढेच त्यातून कळते. पण ज्या पुण्यात मुलींनी शाळेत जाणे हाच गुन्हा मानला जात होता, तिथे शाळा एक दिवस बंद पडली असती तर विरोधकांना तेवढेच हवे होते. तिथला प्रत्येक तास अग्निहोत्रासारखा नित्य होता.

आणि दादरा-नगर हवेलीला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर त्यांनी शाळा मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आणखी १९ वर्षे, काम चालवले. मदतनीस म्हणून आलेल्या बाई तिथल्याच झाल्या. ‘गादी चालवणे’ हा शब्द आपण कीर्तनकारांसाठी, घराण्यांसाठी वापरतो. अनुताईंनी चालवली ती गादी जमिनीवर अंथरलेल्या पोत्याची होती.

या सगळ्यात एका गोष्टीचा घोळ होऊ देता कामा नये, आणि तो सर्रास होतो. बदली किंवा कंत्राटी शिक्षकाने मानधनाचा विषय काढला की कुणीतरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७ व्या श्लोकाची आठवण करून देते. कर्म कर, फळाकडे पाहू नकोस. पण यज्ञाच्या भाषेत फळ आणि दक्षिणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळ यजमानाचे. दक्षिणा ऋत्विजाची, आणि ती दिल्याशिवाय कर्म सांग होत नाही. सेनाच्या कथेतल्या देवाला मोहरा नको होत्या, कारण त्याला घरभाडे नव्हते. खानवेलच्या रस्त्यावर छत्री सांभाळत बसची वाट पाहणाऱ्या बाईंना आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार रुपये मिळत. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. मधल्या काळात किती जणांनी दुसरी वाट धरली असेल. निष्कामता हे व्रत ज्याने त्याने स्वतःपुरते घ्यायचे असते. दुसऱ्याच्या पगारपत्रकावर ते लिहिता येत नाही. फळाची आशा सोडायला शिकवणारा ग्रंथ मजुरी बुडवायला शिकवत नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला दुसराही एक विचार बदली शिक्षकाला बोचतो. दुसऱ्याचा धर्म कितीही नीट पाळला तरी त्यापेक्षा आपला, उणा असला तरी बरा, असे ३५ वा श्लोक सांगतो. मग दुसऱ्याच्या वर्गात उभे राहणे हा परधर्म झाला का? इतिहास शिकवणाऱ्याला गणिताच्या तासावर पाठवले जाते तेव्हा हा प्रश्न खरा असतो. पण तिथेही निवड गणित की इतिहास अशी नसते. समोर ४० मुले आहेत आणि त्यांचा तास वाहून चालला आहे. वाहून जाणारा तास अडवणे हा शिक्षकाचा स्वधर्मच आहे. इतिहासाच्या शिक्षकाला लसावि नीट सांगता आला नाही, तरी रोमन अंक कुठून आले, शून्य कसे लिहू लागले, हे तो सांगू शकतो. जमेल तितके अंग, पण कर्म चुकवायचे नाही, ही नित्यकर्माचीच रीत.

कोकणा आणि काथोडी लोकांत भवाड्याचा नाच असतो. माणसे देवांचे मुखवटे चढवतात आणि संबळाच्या तालावर नाचतात. मुखवटा आहे तोवर त्याचा मान देवाचा. उतरला की तो पुन्हा शेजारचा माणूस, सकाळी शेतावर जाणारा. मुखवटा माझा, अशी हक्काची भाषा तो करत नाही, आणि मी कोण या मुखवट्याखाली, म्हणून हातपायही आखडत नाही. नाचायचे ते पुऱ्या अंगाने नाचतो. खानवेल-दुधनीकडच्या ज्या मुलांनी हे पाहिले आहे, त्यांना बदली बाई ही काय गोष्ट आहे हे समजावून सांगावे लागत नसेल.

डिसेंबरात नेहमीच्या बाई परत येतात. बदली बाई शिक्षकखोलीत टाचण वही त्यांच्यासमोर ठेवतात. जुलैपासूनच्या नोंदी वेगळ्या अक्षरात आहेत, अक्षर जरा तिरके, शाई निळीच. मधल्या पानावर एक घडी केलेली चिठ्ठी: खिडकीजवळच्या दोघांना फळा दिसत नाही, पुढे बसवले आहे. एकीला वाचता येते पण मोठ्याने विचारले की रडते, तिला जवळ बोलावून विचारावे. पाव म्हणजे चतकोर म्हटले की लगेच कळते. खाली तारीख. नाव लिहायचे राहून गेले आहे.

नेहमीच्या बाई वर्गात जातात आणि वह्या गोळा करतात. मागच्या बाकावरच्या मुलाच्या वहीत एकाच पानावर लाल शाईचे दोन गोल आहेत. वरचा एका हाताने काढलेला, सुबक. खालचा दुसऱ्या हाताचा, जरा लांबट. त्याखाली पेन्सिलने काढलेली एक भाकरी आहे, तिचे पाच तुकडे पाडलेले, आणि शेजारी मुलाने स्वतःच घातलेले गणित: घरी पाहुणा आला तर प्रत्येकाला किती? हे गणित पुस्तकात नाही. दोघींपैकी कुणीही दिलेले नाही. उत्तराची जागा मोकळी आहे आणि मूल बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आहे.